तीन घरं उजवीकडे

उमादेवीनं खुरपं मातीत घातलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

बेलाचं रोप तिनं पाथरीहून आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, दोन एसट्या बदलत. नामांतराच्या बंदमुळं काल दिवसभर गाड्या नव्हत्या. आज मिळाली, तर रोपाला कुणाचा धक्का नको म्हणून ते मांडीवर घेऊन बसली. आईच्या समाधीच्या उशाला बेल लावायचा, एवढंच यंदा मनाशी ठरवलेलं. पूजा झाली होती. दगडाला विभूती लावून झाली, नारळ फोडून झाला. नारळ तिच्या हातात देणारा तिचा थोरला भाऊ शिवरुद्र, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून पाच मिनिटांत दुकानाकडं वळला. ती मात्र चांगली तासभर दगडापाशी बसली. शाळेतलं, बदलीचं, दुखऱ्या गुडघ्याचं, सगळं आईच्या कानावर घातलं. मग पदर खोचून खड्डा करायला घेतला.

खड्डा हातभर खोल गेला. काळी, मऊ, गाळाची माती. आणखी वीतभर उकरलं तरी तीच.

तिचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी आईसाठी खड्डा खणताना वीतभर खाली मुरूम लागला होता. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात, त्यामुळं खड्डा खोल लागतो. चार गडी दुपारपर्यंत पहारी मारत होते आणि एक पहार तर चक्क वाकली. "म्हातारीनं जितेपणी कुणाला जागा दिली न्हाई, आताबी अडून बसलीय," असं त्यातला एक जण म्हणाला होता, आणि रडता रडता उमादेवीला हसू फुटलं होतं. त्या मुरमाचं काय झालं? तो काही साखरेसारखा विरघळत नाही. ओढ्याला पूर येऊन गेला असेल, वरून गाळ बसला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि रोप खड्ड्यात उभं केलं.

तेवढ्यात शिवरुद्र परत आला. हातात गुंडाळलेला कागद होता.

"उमे, एक काम व्हतं. उद्या मोजणीचे सायब यायलेत. आपल्या रुद्रभूमीची हद्द एकदाची कागदावर घ्यायची हाय. हा तुझाच नकाशा. खाली सही कर, मंजी झालं."

तिनं मातीचे हात पदराला पुसून कागद घेतला, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आई गेली त्या उन्हाळ्यात, सुट्टीत काढलेला हा नकाशा. गावातल्या लिंगायतांची ही दफनाची जमीन कुठंच धड नोंदलेली नव्हती, म्हणून शिवरुद्रनंच तिला गळ घातली होती. आठवीला गणित शिकवणारी बाई, ती काय चुना टाकून रेघा मारणार? तिनं आलेखाचा कागद घेतला. एक घर म्हणजे पाच पावलं. रस्त्याकडेचा 'जिंतूर ११' असा किलोमीटरचा दगड हा आरंभबिंदू. रस्त्याच्या कडेनं ओढ्याकडं जाणारा एक अक्ष, रस्त्यापासून आत जाणारा दुसरा. जुन्या समाध्यांचे दगड कधीच मातीत गेले होते. उरलेल्या पाच समाध्या तिनं पाच ठिपक्यांनी दाखवल्या होत्या, किलोमीटरच्या दगडापासून दोन घरांवर, एका सरळ ओळीत. रस्त्यालगत सिद्रामअप्पा, सगळ्यात आत आई.

"रस्ता रुंद केला तवा हे पाची दगड उचलून ठिवावे लागले," शिवरुद्र म्हणाला. "तुझा नकाशा व्हता म्हणून जागच्या जागी बसले. न्हाईतर कुणाला आठवायलंय?"

"मोजून बसवले ना, दादा?"

"पावलं टाकून. तू लिवलंस तसं." त्यानं खिशातला पेन काढून समाधीच्या दगडावर ठेवला. "सही करून दुकानात घिऊन ये. च्या ठिवायला सांगतो."

तो गेला. तिनं पेन उचलला, टोपण काढलं, आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. मोजल्याशिवाय सही कशी करायची? ती किलोमीटरच्या दगडापाशी गेली आणि पावलं टाकत आली. दहा पावलांवर समाध्यांची ओळ. बरोबर. रस्त्यापासून चार पावलांवर पहिला दगड, मग तीन-तीन पावलांवर एकेक, सोळाव्या पावलाला आई. बरोबर. कुठं बोट ठेवायला जागा नाही, आणि हेच तिला टोचायला लागलं.

दर वर्षी वर्गात ती फळ्यावर एक त्रिकोण काढते आणि त्याचं प्रत्येक टोक तीन घरं उजवीकडं सरकवते. मग विचारते, काय बदललं? पोरं म्हणतात, काहीच नाही. बाजू तेवढ्याच, कोन तेवढेच, क्षेत्रफळ तेवढंच. आता पहिला त्रिकोण पुसला तर दुसरा सरकून आलाय हे कशावरून सांगाल? मग तीच सांगते की नुसत्या आकाराकडं जन्मभर बघितलं तरी कळणार नाही, न सरकलेलं काहीतरी शेजारी लागतं.

इथं न सरकलेलं काय होतं? तिनं मान वर करून बघितलं. रस्ता मागल्या पावसाळ्यानंतर रुंद झालेला, वर उचललेला. कडेच्या बाभळी तुटलेल्या. फाट्याच्या कोपऱ्यावर, पूर्वी नुसती एसटी थांबायची तिथं, शिवरुद्रचं नवंकोरं किराणा दुकान, मागं गोदामासकट. मुलुखाचा चेहरामोहराच पालटलेला. मग तिनं परत कागद बघितला. उजव्या कडेला, हद्दीच्या बाहेर, तिनं दोन छोट्या रेघा मारल्या होत्या. ओढ्यावरची दगडी मोरी. कागदावर जागा उरली म्हणून काढली होती, कामाची म्हणून नव्हे. आरंभबिंदूपासून बारा घरं, म्हणजे साठ पावलं.

ती पुन्हा किलोमीटरच्या दगडापाशी गेली आणि रस्त्याच्या कडेनं मोजत निघाली. पंचेचाळिसाव्या पावलाला तिचा हात मोरीच्या कठड्याला लागला.

ती उलटी मोजत गेली. पंचेचाळीस. परत आली. पंचेचाळीस.

पंधरा पावलं. तीन घरं. मोरी निजामाच्या वेळची, तिला काही पाय फुटले नव्हते. सरकला होता तो 'जिंतूर ११'. रस्त्याच्या कामात उपटलेला दगड कुणीतरी मूळ जागेपासून पंधरा पावलं अलीकडं, ओढ्याच्या बाजूला रोवला होता. मग तिचा नकाशा हातात धरून, एकही आकडा न बदलता, त्या दगडापासून पावलं टाकत पाचही समाध्या मांडल्या होत्या. नकाशा खरा, अक्षर तिचं, मापं बिनचूक. फक्त माणसं मागं राहिली होती.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. ज्या जागेवर तासभर आईशी बोलली, तिथं आई नव्हती. नुसता ओढ्याचा गाळ होता. आणि तिच्या सख्ख्या भावानं तिथं तिच्या हातात नारळ दिला, ती डोकं टेकत असताना शेजारी हात जोडून उभा राहिला, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. दुकान निघालं तेव्हा हिनं पाथरीहून पत्र पाठवलं होतं, आईचा आशीर्वाद आहे म्हणून. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"कोण हाय? उमाबाई का?"

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला कमलबाई टेकली होती. काठी मांडीवर आडवी, हातात पानांचा द्रोण. समाजाची आठ घरं होती गावात. सहा लातूर-परभणीला गेली, उरलं शिवरुद्रचं आणि या म्हातारीचं. सिद्रामअप्पा हा तिचा नवरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण दर सोमवारी ती चाचपडत त्याच्या समाधीला यायचीच.

"मीच आहे, काकू."

"तुझ्या पावलांवरून वळखलं. मगापासून तीनदा गेलीस माय इकडून तिकडं. काय हरवलं का?"

उमादेवीनं नकाशाची घडी केली.

"बरं झालं घावलीस. मला म्हाताऱ्यापशी सोड. तंबाखू आणलीय चिमटीभर. त्येला तंबाखू ठिवली न्हाई तर सपनात येऊन भांडतोय. अलीकडं येतच न्हाई मेला. सा म्हैने झाले, तोंड दावलं न्हाई. रुसलाय म्हनावं तर तंबाखू चुकवली न्हाई एक सोमवार."

"तुम्ही बसा इथंच," उमादेवी कशीबशी म्हणाली. "मी येते न्यायला."

मोरीपासून समाध्यांची ओळ दहा घरांवर. पन्नास पावलं. ती मोजत निघाली आणि पन्नासाव्या पावलाला दुकानाच्या पायरीसमोर उभी राहिली. आत जिंतूरला भाजी देऊन परतलेले गावातले किशनराव साखर घेत होते. शिवरुद्र तागडी धरून होता. तिचे ओठ हलताना त्यानं बघितले आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. ती आत शिरली. चार पावलांवर गल्ला होता. सात, दहा, तेरा. सगळीकडं चकचकीत शहाबादी फरशी. मागचं दार ढकलून ती गोदामात गेली. सोळाव्या पावलाला गुळाच्या ढेपांची रास होती. ती कडेनं पलीकडं गेली.

ढेपांच्या आड, भिंतीलगत, दोन हात जागा फरशीविना सोडलेली होती. सारवलेली. त्यावर मातीची पणती, विभूतीची वडी आणि आज सकाळचा, अजून न सुकलेला बेल.

शिवरुद्र मागं येऊन उभा होता. हाताला साखर चिकटलेली.

"आईची जागा मी दाबली न्हाई, उमे," तो हळू आवाजात म्हणाला. "गवंडी म्हणला, फरशी सलग घ्या. न्हाई घिऊ दिली. रोज दुकान उघडायच्या आधी दिवा लावतो. एक दिस चुकला न्हाई."

"आणि मी?"

त्यानं ढेपांवरचं गोणपाट सारखं केलं.

"मी कुठं डोकं टेकत होते, दादा? मला तिथं बसवून तू इथं दिवा लावत होतास?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" त्यानं हात धोतराला पुसला. "गावात कोण यायलंय सामानाला? समदे फाट्यावर उतरतेत, फाट्यावर घेतेत, घरी जातेत. बाजारातलं दुकान मेलं व्हतं. दत्तराव सरपंच म्हणला, दगड उपटलेलाच हाय, कुठं रोवायचा ते सांग. माझ्या तोंडून निघून गेलं. अन् कमी काय झालं सांग? जेवढी जागा व्हती तेवढीच हाय. एक कोपरा वाकडा न्हाई. तूच शिकवतीस ना पोरांना, सरकवल्यानं काय घटत न्हाई म्हणून?"

हे तिचंच वाक्य. आई गेली त्या उन्हाळ्यात अंगणात बसून, कौतुकानं, तिनं त्याला समजावून सांगितलं होतं. तो तेव्हा फार मन लावून ऐकत होता. भावाला गणितात गोडी लागली म्हणून ती हरखून गेली होती. आता ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती सारवलेल्या जागेपाशी खाली बसली. तळवा मातीवर ठेवला. इथं होती तर. वाकलेली पहार, मुरूम, हट्टी म्हातारी. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. तिला आईला सांगायचं होतं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावंसं वाटलं, गुडघ्यासकट.

शिवरुद्रला धीर आला. तो जवळ येऊन टेकला.

"दर वर्षी इथंच येत जा. बाहीरचं ते लोकांसाठी. आतलं तुझं अन् माझं. सही कर, उद्या सायब येऊन जातील, मग कुणी इचारणारच न्हाई. उकरायला निघालीस तर पहिली पहार आईच्या डोक्यावर बसल."

खोटं नव्हतं ते. सही केली तर आई या भिंतीआड सुखात राहील, दिवाबत्तीला भाऊ आहेच. नाही केली तर पंच येतील, फरशी उचकटतील, खात्री करायला खणतील. उमादेवीनं कागद मांडीवर पसरला. पेन हातातच होता. पाच ठिपके तिच्याकडं बघत होते.

"आणि बाकीचे चार?" तिनं विचारलं.

"तिघांचं कुणी हाय का गावात? लातूरला गेले ते गेले. फिरकलेबी न्हाईत."

"सिद्रामअप्पा?"

शिवरुद्रनं नजर वळवली. सिद्रामअप्पावर त्याचा गल्ला होता.

"कमलबाईला दिसत न्हाई, उमे," तो म्हणाला. "तिला काय फरक पडतोय?"

उमादेवीनं पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि उठली. गुडघ्यातून कळ गेली, तिनं भिंतीला हात लावला. शिवरुद्र काहीतरी म्हणत होता. ते तिनं ऐकलं, पण थांबली नाही. दुकानातून, किशनरावांच्या अंगावरून ती सरळ रस्त्यावर गेली.

कमलबाई कठड्यावर तशीच बसली होती. उमादेवीनं तिचा हात आपल्या दंडाला धरवला.

"चला काकू."

"लय लांब चाललो आज," पस्तीस-चाळीस पावलं झाल्यावर म्हातारी म्हणाली. "हितंच वळायचं असतंय की."

"नाही. थोडं पुढं आहे."

"मी दर सोमवारची येणारी, मला सांगतीस व्हय?" पण दंड सोडला नाही. काठी आपटत चालत राहिली. पन्नास पावलं झाली. उमादेवीनं तिला पायरी दाखवली. एक, दोन, तीन, चार.

"हितं साखरेचा वास यायलाय," कमलबाई म्हणाली. "दुकान हाय हे. कुठं आणलंस मला?"

गल्ल्यामागं शिवरुद्र येऊन उभा राहिला होता. त्यानं उमादेवीकडं बघून मान हलवली, नको म्हणून. लहानपणी मार चुकवायला हलवायचा तशीच. तरी तिनं म्हातारीला वाकवून खाली बसवलं, गल्ल्याला लागून, फरशीवर.

"इथं आहेत, काकू. सिद्रामअप्पा इथं आहेत. पूर्वीपासून इथंच. बाहेरचा दगड नंतर हलवलाय. माझ्याच नकाशानं हलवलाय, पण मला माहीत नव्हतं. उद्या साहेबांना मी मोरीपासून मोजून देणार आहे."

कमलबाईनं फरशीवरून हात फिरवला. गार, गुळगुळीत. सांध्यातून बोट फिरवलं. एवढं सगळं तिला समजायला वेळ लागला. मग तिनं द्रोणातली तंबाखू चिमटीत घेतली, ठेवायला हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

"मग सा म्हैने मी कुणाशी बोलत व्हते?" तिनं विचारलं.

तागडीच्या एका पारड्यात साखर होती, दुसऱ्यात वजन, आणि दोन्ही बारीक हलत होती. किशनरावांनी पुढं केलेली पिशवी मागं घेतली. ते दोन पावलं सरकले, पायरीपर्यंत गेले, आणि वाकून पायातल्या चपला काढल्या.